डिग्रीच्या कागदात काय लिहेल आहे?

“भाऊ, याला लॅमिनेशन करून द्या.” मावशींनी काउंटरवर कापडी पिशवी ठेवली. पिशवीत जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात मुलाचं पदवी प्रमाणपत्र. बी. ए., इतिहास. मुलगा सुरतला कामाला. मित्राला पत्र देऊन त्याने कॉलेजातून कागद काढून घेतला आणि तो आईकडे पोचता झाला.

मी म्हटलं, “मावशी, लॅमिनेशन नको. उद्या पोरगा परदेशी निघाला तर याच कागदावर सरकारी शिक्के मारावे लागतात, प्लॅस्टिकवर ते बसत नाहीत. आणि प्लॅस्टिक काढायला गेलं तर कागद घेऊनच निघतं.”

“बरं. मग त्यात काय लिहेल आहे तेवढं वाचून दाखवा.”

अमळनेरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. डिग्रीचे कागद रोज हातातून जातात. स्कॅन करायचं, साइज दोनशे केबीच्या आत आणायची, अपलोड करायचं. वाचून दाखवा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. वाचलं, आणि अर्ध्या मिनिटात संपलं. पुढचं पान असेल म्हणून मावशी थांबल्या होत्या.

“बस? तीन वर्षांचं एवढंच?”

तेव्हा त्यांना जे धड सांगता आलं नाही, ते इथे नीट मांडतो.

पदवीच्या कागदावर खरं तर एकच वाक्य असतं. आशय असा, की अमुक विद्यार्थ्याने आमची अमुक परीक्षा अमुक श्रेणीत पार केली, म्हणून आम्ही त्याला ही पदवी देत आहोत. वर विद्यापीठाचं नाव, खाली कुलगुरूंची सही आणि शिक्का. मुलगा हुशार आहे असं त्यात नाही. नोकरीला लायक आहे असं नाही. इतिहास येतो असंसुद्धा नाही, परीक्षा पास झाला एवढंच आहे. साक्षीदार कोर्टात जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो, तसा हा कागद. बाकीचं सगळं आपण त्यात वाचतो. आई-बाप एक वाचतात, मुलीकडचे दुसरं, कंपनीचा साहेब तिसरंच.

मावशींच्या गळ्यात पोत होती. मी विचारलं, “यावर शिक्का आहे का?” आहे म्हणाल्या, जळगावला घेतली. मग सोपं झालं. दागिना घडवतो सोनार, पण हॉलमार्कचा शिक्का तो स्वतःच्या मनाने मारत नाही. त्यासाठी वेगळं तपासणी केंद्र असतं. त्या शिक्क्यातलं ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं. घडण कशी आहे, पोत कोणाला शोभेल, मोडायला गेलात तर भाव काय मिळेल, यातलं काहीच शिक्का सांगत नाही. आपलं कॉलेज म्हणजे सोनार. शिकवतं ते, हजेरी घेतं ते, प्रॅक्टिकलही तेच करून घेतं. पण पदवीवर शिक्का विद्यापीठाचा. खान्देशातल्या बहुतेक कॉलेजांना स्वतःची पदवी देताच येत नाही, ती विद्यापीठाशी ‘संलग्न’ असतात. स्वायत्त झालेली कॉलेजं अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, तरी पदवी विद्यापीठाच्याच नावाने मिळते.

हे आपल्याकडे जितकं लख्ख दिसतं तितकं फार कमी ठिकाणी दिसत असेल. आमच्या अमळनेरचं प्रताप महाविद्यालय १९४५ चं. तेव्हा ते मुंबई विद्यापीठाखाली होतं. १९४९ ला पुणे विद्यापीठ निघालं आणि खान्देश तिकडे गेला. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. म्हणजे एकाच घरातल्या पणजोबा, आजोबा, बाप आणि मुलाने त्याच आवारात, कदाचित त्याच बाकावर बसून शिक्षण घेतलं असेल, तरी चौघांच्या कागदांवर चार वेगळी नावं. शिकवणारं घर तेच, साक्षीदार बदलला.

(यातून माझ्या दुकानात एक नेहमीचा घोळ होतो. २०१८ च्या आधी पास झालेले लोक फॉर्म भरताना यादीत ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ शोधतात, ते सापडत नाही, आणि डिग्री रद्द झाली की काय म्हणून चेहरा उतरतो. काही रद्द होत नाही. विद्यापीठ तेच आहे, नाव वाढलं आहे. यादीत नवं नाव निवडा.)

आणि ज्यांचं नाव आता प्रत्येक डिग्रीवर छापलं जातं, त्या आसोद्याच्या बहिणाबाईंनाही तो कागद दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा लागला असता. माझ्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या मावशींसारखाच.

हॉलमार्कची उपमा एका जागी मात्र फसते. ९१६ हे जळगावला आणि कोचीला सारखंच. फर्स्ट क्लास तसा नाही. एका विद्यापीठाचे ६५ टक्के आणि दुसऱ्याचे ६५ टक्के यांची शुद्धता सारखी आहे हे सांगणारं केंद्र कुठेच नाही. म्हणून तर कंपन्या आणि नोकरभरतीचे आयोग स्वतःच्या परीक्षा वेगळ्या घेतात. डिग्री पाहून ते फक्त दारातून आत सोडतात.

शिक्का मारायचा हक्क कोणाला

लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्याचं २२ वं कलम सांगतं की पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, आयोगाच्या सल्ल्याने केंद्राने ‘अभिमत’ ठरवलेली संस्था, आणि संसदेने खास कायदा करून अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी कितीही चकचकीत कागद छापला तरी ती डिग्री नव्हे. लग्नपत्रिका छापणाराही सोनेरी शाई वापरतोच.

पॉलिटेक्निक करून आलेली पोरं ‘माझी डिग्री’ म्हणतात, ती असते पदविका, म्हणजे डिप्लोमा. तो देतं राज्य तंत्रशिक्षण मंडळ. मंडळ हे विद्यापीठ नव्हे, म्हणून त्याला पदवी देता येत नाही. यात कमीपणा काही नाही, डिप्लोमावाला डिग्रीवाल्याआधी कामाला लागलेला मी कैकदा पाहिला आहे. पण फॉर्ममध्ये ‘पदवी’च्या रकान्यात डिप्लोमा टाकला तर अर्ज बाद होतो, आणि शिव्या मला बसतात.

कॉलेज कुठे आहे यावर विद्यापीठ ठरतं असंही नाही. धुळ्याला कृषी महाविद्यालयात शिकलात तर डिग्री येते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. धुळ्यालाच सरकारी मेडिकलला शिकलात तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. आणि धुळ्यातच बी. कॉम. केलं तर जळगावची. घरी बसून मुक्त विद्यापीठातून केलं तर तीही नाशिकची. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हेसुद्धा कायद्याने निघालेलं विद्यापीठ आहे, त्यामुळे ‘मुक्तची डिग्री चालत नाही’ हे कट्ट्यावरचं बोलणं खोटं आहे.

खोट्या डिग्रीचा किस्सा माझ्याच दुकानातला. एक पोरगा परराज्यातल्या एका संस्थेची बी. एस्सी. घेऊन आला. पहिलं, दुसरं आणि तिसरं वर्ष एकाच महिन्यात, पेपर एका क्लासच्या हॉलमध्ये. तीन गुणपत्रकं, तिन्हीवर एकाच पेनाची सही. बापाने कपाशीचे पैसे त्यात घातले होते. मी यूजीसीच्या साइटवर विद्यापीठांची यादी काढली, त्यात नाव नव्हतं. तिथेच बनावट विद्यापीठांचीही यादी असते. दोन्ही याद्या पाहायला पैसे लागत नाहीत, पण आपल्याकडे प्रवेश घेताना लोक एजंटाच्या मोबाइलवरचा फोटो पाहतात.

हा धंदा किती मोठा होऊ शकतो ते छत्तीसगडने दाखवलं. तिथे २००२ च्या एका कायद्याखाली थोड्याच काळात शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं उभी राहिली, त्यांतल्या कित्येकांकडे धड इमारतसुद्धा नव्हती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी याचिका केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातल्या मूळ तरतुदीच रद्द केल्या. विद्यापीठं एका निकालात गेली. तिथल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या संस्था राज्यातल्या आधीच्या सरकारी विद्यापीठांशी संलग्न करून घ्या, असं कोर्टाला सांगावं लागलं.

दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्स घेत असाल तर विद्यापीठ खरं असणं पुरत नाही. त्या विद्यापीठाला त्या कोर्ससाठी, त्या वर्षापुरती यूजीसीची मान्यता आहे का, तेही पाहावं लागतं.

तीन वर्षं म्हणजे किती?

मावशींचा प्रश्न खरा इथला होता. तीन वर्षं म्हणजे नेमकं काय मोजलं?

पूर्वी वर्ष मोजायचे, आता क्रेडिट मोजतात. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास वर्गात शिकणं, किंवा ३० तास प्रॅक्टिकल. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे ६० तास. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला कमीत कमी १२० क्रेडिट लागतात. सगळे वर्गातले धरले तर १,८०० तास. आठ तासांच्या रोजाने हिशेब केला तर २२५ रोज. शेतावर जाणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं: वर्षभरही नाही, सात-साडेसात महिन्यांची मजुरी. यात घरचा अभ्यास धरलेला नाही. खरं शिक्षण त्या न मोजलेल्या तासांत होतं किंवा होत नाही, आणि ते कागदावर कुठेच दिसत नाही. ज्याने १,८०० तासांतले निम्मे कॅन्टीनला काढले आणि परीक्षेआधी गाइड पाठ केलं, त्याचा कागद आणि ग्रंथपालाने दिवे मालवेपर्यंत बसलेल्या मुलीचा कागद यांत फरक एका श्रेणीचा. मीही पहिल्या जातीतला. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, इंग्रजीची केटी लागली होती, ती टीवायला, तिसऱ्या वर्षाला सुटली. माझ्या डिग्रीवर तिचा मागमूस नाही.

केटी म्हणजे काय, तर विषय नापास, त्याचे क्रेडिट खात्यात जमा झाले नाहीत. एटीकेटी म्हणजे बाकी ठेवून पुढच्या वर्गात बसायची मुभा. सगळी बाकी भरेपर्यंत डिग्री नाही. सोसायटीच्या कर्जासारखं: शेवटचा हप्ता राहिला असेल तरी नोड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, मिळत नाही.

हे ‘खातं’ आता खरोखरचं आहे. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, विद्यार्थ्याचे क्रेडिट त्यात जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. आपल्या भागातल्या संलग्न कॉलेजांत नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात मधूनच बाहेर पडायची सोय आहे. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन करून सोडलं तर पदविका (दोन्हीसाठी वर चार क्रेडिटचा एखादा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते), तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स पदवी, तिला कमीत कमी १६० क्रेडिट. चौथं वर्ष सक्तीचं नाही. तीन वर्षांत थांबलं तरी ती पूर्ण पदवीच, पुढे एम. ए. दोन वर्षांचं. चार वर्षं केली तर एम. ए. एका वर्षाचं, आणि चार वर्षांत ७५ टक्के असतील तर थेट पीएच. डी.ला अर्ज करता येतो.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट मुलींसाठी वाटते. इथे दर दिवाळीनंतर एसवायच्या वर्गातल्या दोन-चार खुर्च्या रिकाम्या होतात. लग्न ठरलं. आजवर अशा मुलीच्या हातात काय उरायचं? बारावीचं मार्कशीट. केलेलं दीड वर्ष जणू झालंच नाही. आता पूर्ण केलेले क्रेडिट तिच्या नावाने राहतात, आणि सासर नंदुरबारला असो की नाशिकला, तिथून पुढे सुरू करता येतं. कागदावर येतं, असं म्हणतो. सासू ‘जा कॉलेजला’ म्हणेल का, याचं क्रेडिट कोणत्याही बँकेत नाही. आणि मला एक भीतीही वाटते: पूर्वी शिक्षण सुटलं की ‘सुटलं’ म्हणायचे, घरच्यांना थोडी तरी टोचणी असायची. आता हातात सर्टिफिकेट आहे म्हटल्यावर ती टोचणीही जाईल.

मग डिग्री उघडते काय?

उघडते दार. ‘कोणत्याही शाखेची पदवी’ हे तीन शब्द आमच्या दुकानाची निम्मी भाकरी आहेत. यूपीएससी, एमपीएससीची राज्यसेवा, बँका, तलाठी, सगळीकडे तीच अट. म्हणून केमिस्ट्रीवाला पोरगा तलाठी व्हायला जमिनीच्या फेरफाराचे नियम पाठ करतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. दार उघडं, पण दारात जत्रा.

काही दारं डिग्रीने नुसती अर्धवट उघडतात. एलएल. बी. झाला म्हणजे वकील झाला नाही, बार कौन्सिलची सनद लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. तिथे पदवी सांगते की शिकला, आणि सनद सांगते की आता करू शकतो. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.ला अशी सनद नाही, आणि गैरसमज होतो तो इथेच. लोक साध्या पदवीलाच सनद समजून बसतात.

सरकारच्या श्रमबल पाहणीत वर्षानुवर्षं दिसतं की बेकारीचं प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांत जास्त आहे. यावरून ‘शिकून वाया गेला’ म्हणणारे चावडीवर पुष्कळ. पण नीट पाहिलं तर निरक्षर माणसाला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो आणि पाहणीत ‘कामावर’ म्हणून मोजला जातो. पदवीधर थांबतो, कारण कागदाने त्याला थांबायला शिकवलं. आणखी एक जाहिरात, आणखी एक अटेम्प्ट. घरचे काही वर्षं सांभाळतात. पुढे बायोडाटावर ‘शिक्षण: बी. ए.’ आणि ‘नोकरी: स्पर्धा परीक्षेची तयारी’ असं लिहून तो इथेच प्रिंट काढायला येतो. काय बोलावं सुचत नाही. रंगीत प्रिंटचे पैसे मी कधीकधी घेत नाही.

जुन्या काळी शिक्का दुर्मीळ होता म्हणून वजनदार होता. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. मोजून चार जण, त्यांत न्या. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर. त्या चौघांच्या वेळची ‘डिग्री’ आजही आमच्या आई-बापांच्या डोक्यात आहे. आता घराघरात एक आहे, ही चांगली गोष्ट आहे. फक्त जी चीज घराघरात आहे तिच्यावर भाव मिळत नाही, हे केळीवाल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून मी पोरांना सांगतो, डिग्रीच्या कागदापेक्षा गुणपत्रक जपा. विषय कोणते घेतले, प्रोजेक्ट कशावर केला, इंटर्नशिप कुठे केली, हे तिथे दिसतं. बाहेर अर्ज करताना सगळ्या सत्रांची मिळून ट्रान्सक्रिप्ट मागतात, ती विद्यापीठातून काढावी लागते आणि वेळ खाते, शेवटच्या आठवड्यात धावू नका. निकाल लागल्यावर पासिंग सर्टिफिकेट आधी मिळतं, पदवी दीक्षांत समारंभानंतर. दोन्ही वेगळे कागद आहेत. डिजिलॉकरमध्ये प्रत आली असेल तर उतरवून ठेवा. सीजीपीएला, म्हणजे सगळ्या सत्रांच्या श्रेणीगुणांच्या सरासरीला, दहाने गुणून टक्के काढू नका, विद्यापीठाचं सूत्र पाहा. आणि लॅमिनेशन नको.

मावशींना यातलं मी निम्मंही सांगितलं नाही. मागे चार जण उभे होते. हॉलमार्कपर्यंत त्यांना पटलं. मग विचारलं, “मग आता नोकरी लागीन ना?”

“फॉर्म भरता येतील, मावशी.”

त्यांनी कागद वर्तमानपत्रात ठेवला, परत काढला. दहा रुपयांची प्लॅस्टिकची फाइल घेतली आणि म्हणाल्या, “दोन झेरॉक्स मार. एक माझ्या भावाले दाखवायची आहे, तो म्हणे पोरगं पास होनार नाही.”